चेष्टा करो, बिटिया

देव आपलं ऐकतो की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. माझा प्रश्न वेगळाच होता. बोलणारी मीच आहे, हे त्याला कळत तरी कसं असेल? कारण प्रार्थनेला डोळे मिटले की माझ्या तोंडून माझा आवाज निघतच नाही. आमच्या पादरी साहबांचा निघतो, नाकातला, वाक्यावाक्याच्या शेपटीला ‘प्रभु-ऊ-ऊ’ बांधणारा. तो नाही तर संडेस्कूलच्या मॅडमचा, सर्दी झालेला. झाशीत आमच्या ओळखीचा एकही माणूस माझ्या नकलेतून सुटलेला नाही. मम्मी म्हणते, ही पोटातूनच कुणाच्या तरी आवाजात रडत आली.

आणि मग पप्पांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. पप्पा रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर, पण गल्लीत त्यांची खरी ओळख प्रार्थनेची. चर्चमध्ये आमचं सगळं हिंदीत चालतं, घरची प्रार्थना मात्र मराठीत. आम्ही मूळचे नगरकडचे, आणि मम्मीच्या मते देवाला तिकडच्याच बोलीची सवय आहे. जेवणाआधी पप्पा खाकरायचे, “हे दयाळू, कनवाळू बापा” म्हणायचे आणि मग नावं घ्यायला लागायचे. आमची नाही, दुसऱ्यांची. मानिक चौकातले शिंपी चाचा त्यांना रस्त्यात अडवून सांगायचे, “भाईसाहब, बिटिया की सगाई है, अपने प्रभु से हमाई भी कह दियो.” पप्पांनी कधी कुणाला उपदेश केला नाही. ते फक्त नाव विसरायचे नाहीत.

डॉक्टर म्हणाले, आत्ताच बोलायची धडपड केली तर वाचा परत येईल, नाहीतर अवघड आहे. पण पप्पा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मम्मी म्हणाली, “तू तरी प्रार्थना कर गं त्यांच्याजवळ बसून.” करू कशी? तोंड उघडलं की पादरी साहब!

त्या दुपारी मम्मी घरी गेली होती. हॉस्पिटलच्या वॉर्डात ऊन सांडलं होतं, पिवळं, पातळ, वरणाच्या निवळीसारखं. पडदा फुगायचा, बसायचा. लांबून स्टेशनवरची बाई गाड्यांची नावं सांगत होती, आणि ती जणू पाण्याखालून बोलत होती. मी हात जोडून स्टुलावर बसले होते, अर्धी जागी, अर्धी कुठेतरी तरंगत. शेजारच्या खाटेवर गुरसराय गावचे एक आजोबा होते, डोळे मिटलेले, कालपासून अन्नाला शिवले नव्हते. त्यांचे धाकटे भाऊ उशाशी बसलेले. ते हिंदीचे रिटायर मास्टरजी. माझे ओठ नुसते हलताना त्यांनी पाहिले असतील. मला फक्त आवाज आला, अगदी शांत, वरून आल्यासारखा:

“चेष्टा करो, बिटिया. चेष्टा करो.”

शाळा माझी हिंदीच. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे मला काय माहीत नाही? पण त्या झोपेच्या काठावर कान घरचे झाले होते, मराठी. आणि घरी चेष्टा म्हणजे चेष्टाच. मला वाटलं, देवच म्हणतोय, कर गं मस्करी!

म्हणून मी केली. खाकरले आणि थेट पप्पांच्या आवाजात सुरू झाले, “हे दयाळू, कनवाळू बापा...” भिंतीकडचं डोकं हललं. मी शिंपी चाचांचं नाव घेतलं, त्यांच्या बिटियाचं, खालच्या मजल्यावरच्या मावशींच्या गुडघ्याचं. पप्पांचं पोट हलायला लागलं. ते हसत होते, अर्ध्या तोंडाने. मी थांबून विचारलं, “मास्टरजी, भैयाजी का नाम?”

ते गोंधळले. “हरप्रसाद.”

“आणि बापा, हा तुझा हरप्रसाद,” मी म्हणाले, “याला भूक लागू दे. आणि माझ्या पप्पांना...” इथे आवाज बारीक झाला, चिरकला. हा कुणाचा, ते मला ओळखू येईना. मग कळलं, हा कुणाचाच नव्हता, माझाच होता. पुढे शब्द सुचले नाहीत.

तेवढ्यात खाटेवरून आलं, “आ... मे.”

वाकडं, ओलं, शेवटचा ‘न’ गिळलेला. पण पप्पांचं.

मास्टरजींनी हात जोडून कपाळाला लावले. नंतर मी त्यांना सांगितलं की मी काय ऐकलं, तर ते खदखदून हसले. “अरे, हमने तो प्रयत्न करने को कहा था! और तुम ठिठोली कर बैठीं!” त्या संध्याकाळी हरप्रसादजींनी दोन चमचे दलिया खाल्ला. पुढे ते बरे झाले का, मला ठाऊक नाही. आम्हाला आधी घरी सोडलं. त्यांचं नाव मात्र आमच्या घरी रोज घेतलं जातं.

हे सगळं कसं घडलं, ते मी कुणाला पटवायला जात नाही. एवढंच कळलं की देवापुढे जाताना आवाज घासून पुसून न्यावा लागत नाही. उसना असला तरी तो घेतो, आणि आपला कुठला ते निवडून ठेवतो. आपण फक्त आवाज सोडायचा.

आता पप्पा बोलतात, अडखळत. प्रार्थनेत एखाद्या नावापाशी जीभ अडते, कपाळावर घाम येतो. ते नाव मला माहीत असतं, त्यांच्याच आवाजात सांगताही येईल. पण मी सांगत नाही. मम्मीही नाही. आम्ही डोळे मिटून थांबतो. तोही थांबलेला असतो, असं वाटतं. त्याला तरी कुठे घाई आहे?