जवानांना समर्पित सामना

युद्धकाळात राष्ट्र आपल्या तरुणांकडून सर्वोच्च त्यागाची अपेक्षा करतं. आमच्या महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाने तो केला. त्या हंगामात त्याने एकही सामना पुरा खेळला नाही.

सीमा आमच्यापासून इतकी लांब, की तिकडच्या तोफा आम्हाला फक्त टीव्हीवरच्या निवेदकांच्या घशातून ऐकू यायच्या. तरी पहिला सामना रद्द झाला, कारण यजमानांचं मैदान नागरी संरक्षणाच्या सरावाला दिलं होतं. दुसरा रद्द झाला, कारण अशा वातावरणात खेळणं शोभत नाही, असं वर कोणालातरी वाटलं. त्याच आठवड्यात शेजारच्या गावची जत्रा नेहमीसारखी भरली. ती शोभली.

मी इतिहास शिकवतो. क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी असल्यामुळे संघही माझ्याच गळ्यात होता. त्याचा गोलकीपर मिठबावचा, शेवटच्या वर्षाला. आधीची वर्षं त्याने राखीव खेळाडूंच्या बाकावर काढली होती. यंदा कुठे जागा मिळाली होती. परीक्षा झाली की तो जहाजावर नोकरीला जाणार होता. म्हणजे महाविद्यालयाकडून खेळायचं तर आताच. रोज तो स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहायचा.

"सर, तिसरी मॅच तरी होतली मां?"

"होईल रे."

"गेल्या वेळाक पण तुमी ह्याच बोललात."

तिसरा, म्हणजे हंगामातला शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. संध्याकाळी गावात ब्लॅकआउटचा सराव असल्याने साडेसहाला मैदान रिकामं करायची सूचना आली. साडेचारला सुरू केला तर सामना आरामात संपणार होता. मी तसं प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि सामना जवानांना समर्पित करायचं ठरवलं.

समर्पणाला मंडप लागतो, मंडपाला पाहुणे आणि पाहुण्यांना माइक. प्राचार्य शौर्यावर बोलले. मग संस्थेचे अध्यक्ष शौर्यावरच बोलले, कारण प्राचार्यांनी काय सांगितलं ते त्यांनी ऐकलं नव्हतं. एका निवृत्त सुभेदारांचा सत्कार झाला. मंडपात प्रत्यक्ष लढाई पाहिलेला तेवढा एकच माणूस. तो म्हणाला, "माका बोलूचा काय नाय. पोरांका खेळूक सोडा," आणि शाल काखेत मारून बसला.

मला वाटलं, सुटलो. पण गाऱ्हाणं राहिलं होतं. आमच्याकडे देवाला साकडं घातल्याशिवाय नव्या होडीला पाणी लागत नाही, तर फुटबॉलला पाय कसा लागेल? गावचे मानकरी आजोबा नारळ घेऊन मधल्या वर्तुळात उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, सीमेर जो कोण उभो आसा, तेचा रक्षण कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," दोन्ही संघ एकदम म्हणाले.

इथे थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण आजोबा न्यायी. पोरं ज्या ज्या गावची, त्या त्या गावच्या देवाला हाक द्यायची, नाहीतर तो रुसणार. धामापूरची भगवती झाली, वालावलचा लक्ष्मीनारायण झाला. आमचे दोन फॉरवर्ड ख्रिश्चन, म्हणून सायबिणीला, म्हणजे मेरीमातेलाही विनंती झाली. मग पाहुण्या संघाची गावं. मग राखीव खेळाडूंची. मी जवळ जाऊन घड्याळ दाखवलं.

"सर," आजोबा नारळ खाली न करता म्हणाले, "देवाक अर्ध्यार सोडतत काय?"

"होय म्हाराजा," सवयीने चार-पाच पोरं म्हणाली.

शिटी वाजली तेव्हा सव्वासहा होऊन गेले होते. गोलकीपरची आई मिठबावहून एसटीने आली होती. मुलाला खेळताना ती पहिल्यांदाच पाहत होती.

"सर, सगळे थंय धावतत, आणि माझो झील हय एकटोच उभो कित्याक? काय चुकी केल्यान?"

मी तिला सांगितलं की त्याचं काम तेच आहे. चेंडू इकडे येईल तेव्हा तो अडवेल. ती पदर सावरून बसली आणि वाट बघू लागली. आमचे फॉरवर्ड एरवी चेंडू टिकवू शकत नसत. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी तो समोरच्या गोलपाशी असा दाबून धरला, की मैदानाच्या मध्यरेषेअलीकडे तो आलाच नाही. मी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या संघाच्या चांगल्या खेळावर चिडलो.

साडेसहाला पंचांनी शिटी वाजवली. गोल कोणाचाच नव्हता. प्राचार्यांनी माइकवरून समर्पण यशस्वी झाल्याचं जाहीर केलं. आई एसटी पकडायला निघाली. मुलाने हातमोजे काढले नव्हते. मी त्याच्याशी काहीतरी बोलायला हवं होतं, पण मंडपवाला खुर्च्या मोजून घ्या म्हणून मागे लागला होता.

तेवढ्यात पाहुण्या संघाच्या एका पोराने जाता जाता चेंडू गोलकीपरकडे उडवला. त्याने तो दोन्ही हातांनी व्यवस्थित झेलला आणि क्रीडासाहित्याच्या खोलीत नेऊन ठेवला.