सरकीचं पोतं घेऊन राजूरचा घाट

चिखलदऱ्याचा घाट मी मोटरसायकलने पाच वेळा चढलोय, असं मी मलकापुरात इतक्यांदा सांगितलं होतं की पुढे पुढे मलाही ते खरं वाटायला लागलं. प्रत्यक्षात मी चिखलदऱ्याला एकदाच गेलो होतो. तेही एसटीने, आणि घाट लागताच मला झोप लागली होती. वर उतरल्यावर कुणाच्या तरी उभ्या गाडीवर बसून फोटो मात्र काढला. तो फोटो माझ्या ढेप-सरकीच्या, म्हणजे गुरांच्या खाद्याच्या, दुकानात, वजनकाट्याच्या वर, अजून टांगलेला आहे. गिऱ्हाईक विचारतं, मी सांगतो. माझा मोठेपणा आजवर तेवढ्यावरच चालला होता.

यंदा पोळा झाल्यावर आम्ही चार मित्रांनी खरोखरच चिखलदऱ्याला जायचं काढलं. तीन गाड्या, माणसं चार. चौथा माझा शाळेपासूनचा दोस्त. बुलढाण्याच्या कोर्टात कारकून; मलकापूरहून राजूर घाटाने रोज मोटरसायकलवर जायचा. मागच्या वर्षी हायवेवर त्याला ट्रकने उडवलं. मांडीत रॉड पडला, गुडघा पुरता वाकेना, आणि तेव्हापासून तो मोटरसायकलवर बसला नव्हता. चालवायला नाही, मागेसुद्धा नाही.

बैठक त्याच्याच घरी. नकाशा मोबाइलवर, चिवडा ताटात. कुठे चहा, कुठे पेट्रोल, सगळं मी अधिकारवाणीने सांगत होतो. तेवढ्यात वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, यांले मी कोणाच्याच मांगं बसू देत नाही. पण तुम्ही पाच खेपा जाऊन आले. तुमच्या मांगं बसतीन तं जाऊ द्या. नाही तं तुम्ही तिघं जा."

दोस्ताने माझ्याकडे पाहिलं. वर्षभरात त्याने कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

"हाव ना वहिनी," मी म्हणालो. "घाट म्हणजे आपलं अंगण!"

जायचं रविवारी ठरलं. बैठकीच्या दिवशी सोमवार होता. गुरुवारपर्यंत मला धड जेवण गेलं नाही.

गुरुवारी मी गुपचूप सराव करायचं ठरवलं. दोस्ताच्या वजनाचं काय घ्यावं? दुकानात सरकीची पोती होतीच. त्यातलं एक मागच्या सीटवर उभं करून सुतळीने आवळलं. बायकोला सांगितलं, मोताळ्याला माल द्यायचाय.

"मोटरसायकलवर? काऊन, टेम्पो मेला काय?"

"अर्जंट आहे."

राजूर घाट चढताना काही विशेष झालं नाही. वर बुलढाण्याच्या अलीकडे चहा घेतला, पोत्यावर थाप मारली आणि वाटलं, पाच वेळा नाही तर नाही, एकदा तरी झालं.

मग परतीचा उतार लागला. आणि मी तेच केलं, जे आमच्याकडचा, सपाटीवरचा कुणीही करील. चाबी बंद केली. मलकापूर ते नांदुरा आम्ही प्रत्येक पुलाच्या उतारावर गाडी बंद करून सोडतो; उतारावर पेट्रोल जाळणारा माणूस आमच्यात उधळ्या समजला जातो. गाडी न्यूट्रलमध्ये छान सुळकन निघाली. पहिलं वळण झालं. दुसऱ्या वळणाला मी मागचा ब्रेक दाबला, तिसऱ्यापासून पाय उचललाच नाही. मग जळकट वास आला. मला वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. पुढे ट्रक नव्हता.

ब्रेक पायाखाली मऊ लागायला लागला. पोतं सरकून माझ्या पाठीवर आलं आणि मी टाकीवर. पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून उडतो, हे शाळेत असताना कुणीतरी सांगितलेलं; त्या ब्रेकला मी आयुष्यात कधी बोट लावलं नव्हतं. समोर वळण. वळणातून एसटीचा हॉर्न. डावीकडे डोंगर, उजवीकडे काहीच नाही. मी हँडल डोंगराकडे वळवलं. गाडी नालीत शिरली, दगडाला घासत गेली आणि आडवी झाली. पोतं माझ्यावरून पलीकडे उडून फुटलं. एसटी शेजारून निघून गेली.

मला फक्त कोपराला खरचटलं होतं. पण मी नालीत बसून त्या फुटक्या पोत्याकडे पाहत राहिलो. तिथे दोस्ताचा पाय असता. सांडलेली सरकी तिथेच टाकून मी गाडी उभी केली.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. वहिनी मेथी निवडत होत्या. सगळं सांगितलं, एसटी, झोप, फोटो, चाबी. वहिनींचा हात मेथीतच थांबला.

"पाचातल्या किती खेपा खऱ्या?"

"एकही नाही."

दोस्त हळूच म्हणाला, "मी बसलो असतो बे तुह्या मांगं."

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"चिखलदरा विसरा आता," वहिनी म्हणाल्या.

"थांब." त्याने काठी टेकली, उठला. "ब्रेक पाहून घे रे गाडीचे. शनिवारी राजूरले जाऊ. मले घाट येते, तुहे पाय चालतात. दोघं मिळून एक डायवर होते."

वहिनींनी मेथीची जुडी आपटली. पण नाही म्हणाल्या नाहीत.

शनिवारी सकाळी घाटाच्या माथ्यावर तो माझ्या मागे बसला होता. त्याचा न वाकणारा पाय बाहेर निघालेला, पाचही बोटं माझ्या खांद्यात रुतलेली.

"चाबीले हात लावला तं इथंच उतरतो. दुसरा गिअर टाक. टाक बे! इंजनले धरू दे गाडी. आता पुढचा ब्रेक, थोडाच. थोडा म्हणलं ना, पिळून काय राह्यला!"

प्रत्येक वळणाला त्याचा आवाज चढायचा, आणि त्याची बोटं माझ्या खांद्यात आणखी रुतायची. शिकवणारा माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला होता. ट्रक समोर आला की दोघांचाही श्वास बंद. ट्रक गेला की तो आधी मला शिव्या द्यायचा, मग ट्रकला.

खाली राजूरच्या फाट्यावर गाडी थांबवली तेव्हा तो उतरलाच नाही. बसल्या बसल्या घरी फोन लावला.

"हाव, उतरलो. ... नाही वं, लागलं गिगलं काही नाही. ... उद्या? उद्याचं नको धरू. वळणावर डोळे मिटून राह्यला हा. मी आरशातून पाह्यलं."

फोन खिशात टाकून त्याने माझ्या पाठीवर बुक्की मारली.

"घे वर. डोळे उघडे ठेवून उतरशील, तवा चिखलदऱ्याची तारीख काढू."

मी गाडी वळवली.