साडूंचा कोळसा

या जगात जे जे म्हणून भाजता येतं ते आपल्या डब्यासाठीच उगवलं आहे, अशी ठाम समजूत असलेला एकच माणूस माझ्या माहितीत आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. चंद्रपूरला एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात आणि उरलेल्या वेळात कोळसा करतात. बेलाची कवची, बांबूची पेरं, मोहाच्या बियांची टरफलं, काहीही पत्र्याच्या डब्यात कोंबायचं, आत हवा जाऊन राख होऊ नये म्हणून झाकणाला माती लिंपायची, आणि विस्तवासमोर उकिडवं बसायचं. माझ्या मुलीच्या लग्नात मी दारात हात जोडून उभा, आणि हे आचाऱ्यामागे नारळाच्या करवंट्या वेचत होते. पाहुणे मला नमस्कार करायचे आणि करवंटी कशी भाजावी ते ऐकायला तिकडे जायचे. माझ्या व्याह्यांनी निघताना मिठी मारली तीसुद्धा त्यांनाच.

मला त्यांचा हेवा वाटतो, हे सरळ सांगून टाकतो. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात पाणी शुद्ध करणाऱ्या विभागात माझी सत्तावीस वर्षं गेली. आमच्याकडे कोळसा वाघिणी भरभरून येतो, त्याचं कौतुक कोणाला नाही, आणि हे डबाभर करतात तर माझी बायको म्हणते, शिका काही. बरं, कोळशापाशी थांबले असते तरी चाललं असतं. पण पाणी हा माझा विषय. कोणाच्याही घरी गेले की हे डोळे मिटून पाण्याचा एक घोट तोंडात घोळवणार आणि निकाल देणार. आमच्याकडे येऊन म्हणाले, भाऊ, टाकी धुवा. टाकी खरंच धुवायची होती, हा भाग वेगळा.

आमची सासुरवाडी पोंभुर्ण्याकडे. तिथल्या अंगणातल्या बोअरचं पाणी इतकं खारट, की चहात दूध घातलं की फाटायचं. मोठा जावई म्हणून मी एक भारी फिल्टर मशीन बसवून दिलं. ते घागरभर पाणी द्यायचं आणि दोन घागरी नालीत सोडायचं. ते पाहून सासऱ्यांचा, म्हणजे आमच्या मामाजींचा जीव कासावीस व्हायचा. वर्षभरात मशीन तुंबलं आणि चहा पुन्हा फाटला. त्या घरात चहाचा पहिला कप मोठ्या जावयाचा, असा रिवाज आहे. मशीन बंद पडल्यापासून कप पुढे करताना मामाजींचा हात आम्हा दोघा जावयांच्या मधे क्षणभर थांबू लागला. तो क्षण मी कधी विसरणार नाही.

मग साडूंनी पेटी आणली. कोळशाची पूड चिकट द्रवात कालवून पातळ पत्र्यांवर फासलेली, पत्रे समोरासमोर बसवलेले, मधून पाणी सोडायचं आणि छोट्या सोलर पॅनलची हलकी वीज द्यायची. पाण्यातलं मीठ कोळशाला धरून राहतं, गोडं पाणी पुढे जातं. "चिमूटभर कोळशात आख्ख्या गावाले पुरतील एवढ्या खोल्या आहेत, मामाजी," ते म्हणाले. "मीठ येते अन् मुक्काम करते." मामाजी इतके खूश झाले, की त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारपाजाऱ्यांना चहाला बोलावलं.

त्या सकाळी साडू आंघोळीला गेले आणि मी पेटीच्या दोन तारा उलट जोडल्या. लालच्या जागी काळी, काळीच्या जागी लाल. सत्तावीस वर्षांत कधी केलं नव्हतं असं काम. पत्र्यांवर आदल्या दिवशीचं मीठ तसंच होतं. तारा उलटल्यावर ते सगळं सुटलं, आणि पहिला पेला बोअरपेक्षा खारट निघाला. मामाजींनी चूळ थुंकली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

साडूंनी एक घोट घेतला, डोळे मिटले, मग वाकून तारांकडे पाहिलं. तारा तशाच ठेवून ते उकिडवे बसले आणि म्हणाले, थोडं थांबा. काही वेळाने पेला भरला तो गोड. दोन्ही बाजूंना कोळसा एकच. जुनं मीठ सोडून त्याने नवं धरलं होतं. हे मला कळायला हवं होतं, मला.

मी काहीतरी पुटपुटलो तेव्हा ते फक्त मला ऐकू जाईल असं बोलले. "या घरात तुमच्याशिवाय प्लस-मायनस कोणाले समजते, भाऊ? घरच्या पेटीत माहे पत्रे एकाच बाजूने झिजून राह्यले होते. रोज तार फिरवून पाहतो आता."

त्यांच्या बोलण्यात खोच होती का, हे मी पुष्कळ शोधलं. नव्हती. चार महिन्यांनी त्यांनी पेटी उघडली, तर दोन्हीकडचे पत्रे धड होते. त्यांनी पेटीवर रंगाने लिहिलं, मोठ्या भाऊंची पद्धत. मामाजी रोज सकाळी तारा फिरवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, की हे आमच्या मोठ्या जवायाचं डोकं आहे.

पहिला कप आता पुन्हा न थांबता माझ्याकडे येतो. परवा मी तो साडूंपुढे सरकवला. खरं काय ते मामाजींना सांगून टाकायला तोंडही उघडलं. साडूंनी कप परत माझ्याकडे सरकवला, आणि मामाजींशी बेलाच्या कवचीबद्दल बोलायला लागले. मी चहा प्यालो. चहा चांगला होता. त्यांच्या जागी मी असतो तर हे मला जमलं नसतं, आणि आता हेवा वाटतो तो एवढ्याचाच.