आदिलाबादच्या रेडिओवर माझ्या तोंडून निघालेलं नाव

विशाखाचा फोन आला तेव्हा मी पटकन हो म्हणून बसले. विशाखा आदिलाबादला शाळेत शिकवते आणि दर रविवारी सकाळी तिथल्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर तासाभराचा मराठी कार्यक्रम करते. कुणी लेखक, एखाद्या संस्थेतलं माणूस आणि त्या विषयातला जाणकार, एवढ्यांना बोलावून गप्पा मारायच्या, मधूनमधून ऐकणाऱ्यांचे फोन घ्यायचे. भानामतीवरचं माझं पातळसं पुस्तक तिनं वाचलं होतं. मी यवतमाळची, विज्ञानाची निवृत्त शिक्षिका, बोलायची सवय आयुष्यभराची. पण पुढं ती म्हणाली, "तुमच्या पुस्तकातली यमुनासुद्धा यायला तयार आहे," आणि तिथून जी भीती सुरू झाली ती अजून पुरती गेलेली नाही.

यमुना हे मी पुस्तकात दिलेलं नाव. खरी बाई भीमपूरकडच्या एका गावात एकटी राहते, कापूस वेचायला जाते. काही वर्षांपूर्वी त्या गावात दोरीवर वाळत घातलेले कपडे आपोआप पेटू लागले. दोन मुलींच्या अंगावर फुल्या उमटल्या. बाहेरून आणलेल्या भगतानं बोट दाखवलं ते या बाईकडे. करणी करणाऱ्याचे दात पाडले की मंत्र नीट उच्चारता येत नाही, अशी समजूत आहे. माणसं पक्कड घेऊन तिच्या दारात आली होती. कविता नावाची एका महिला संस्थेतली कार्यकर्ती पोलिसांना घेऊन वेळेवर पोचली, म्हणून पुढचं टळलं. मग समजोता झाला, कागदावर सह्या झाल्या. बाई त्याच गावात राहिली. तिच्याशी कुणी भांडत नाही, तिच्या हातचं पाणीही कुणी पीत नाही.

तिची अट एकच होती. रेडिओवर तिचं नाव आणि गाव यायचं नाही. यमुनाताई म्हणायचं.

शनिवारी सकाळी यवतमाळहून पांढरकवड्याची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट असल्यानं खर्चाचं काही वाटत नाही. पांढरकवड्याला आदिलाबादच्या गाडीसाठी पाऊण तास थांबावं लागलं. सोबत पाणी ठेवा, स्टँडवर सावली कमी आहे. पुढं चौपदरी रस्ता, गुळगुळीत. कापसाचे ट्रक इतके फुगवून भरलेले की मागच्या गाडीला पुढचं दिसू नये. पैनगंगेचा पूल ओलांडला की पाट्यांवरची अक्षरं गोल होतात. एरवी मला हा बदल फार आवडतो. या खेपेला मी खिडकीशी बसून मनात घोकत होते, यमुनाताई, यमुनाताई.

उतरले तेव्हा दुपार होती आणि तरी शाल लागत होती. डिसेंबरात जाणार असाल तर आदिलाबादच्या थंडीला कमी लेखू नका. स्टँडजवळच्या एका साध्या लॉजमध्ये खोली घेतली. समोरच्या हॉटेलात उडीदवडा आणि खोबऱ्याची चटणी गरम मिळाली. अर्धा वडा तसाच राहिला.

रविवारी सकाळी कविता यमुनाला घेऊन आली. मी तिला याआधी तीन वेळा भेटले होते, तिच्याच घरी. शहरात ती लहान दिसत होती. नवं लुगडं, पायात नवी चप्पल, पदर कपाळापर्यंत ओढलेला. रेडिओ केंद्र म्हणजे एका दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. एकीत यंत्रं, दुसरीत भिंतींना जाड पडदे, एक टेबल आणि चार माइक. विशाखानं सगळं समजावून सांगितलं: कार्यक्रम थेट जातो, दारावरचा लाल दिवा लागला की बोललेलं परत घेता येत नाही. हे सांगताना ती हसली. मला हसता आलं नाही.

सुरुवात छान झाली. मानसोपचाराचे एक डॉक्टर फोनवरून जोडलेले होते. घरात कोंडलेल्या मनाचं दुखणं अंगावर कसं उमटतं, ते त्यांनी सोप्या भाषेत सांगितलं. कविता संस्थेच्या कामाबद्दल बोलली. मग यमुनाताई बोलल्या. आवाज सुरुवातीला अडखळला, नंतर सरळ चालू लागला. त्या दिवशी दार आतून धरून ठेवताना हातात लाकडाची कुसं गेली, ती कितीतरी दिवस निघत नव्हती, असं तिनं सांगितलं. हे तिनं मलाही कधी सांगितलं नव्हतं.

मग एक फोन आला. माणसानं नाव सांगितलं नाही. म्हणाला, ही बाई खरी कशावरून? तुमी रेडिओवाले कोनालेबी आनून बसवता अन् गावाईची बदनामी करता. मला राग आला. पस्तीस वर्षं वर्गात कुणी खोटं ठरवलं की जसा यायचा तसाच. मी माइककडे वाकून म्हणाले, "मी स्वतः सुभद्राबाईंच्या घरी तीन वेळा गेलेली आहे."

खरं नाव निघून गेलं होतं. विशाखानं माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न डॉक्टरांना विचारला. सुभद्राबाईंनी टेबलावरचे हात काढून मांडीवर घेतले. कार्यक्रम अजून वीस मिनिटं चालला. मी काय बोलले ते मला आठवत नाही.

दिवा विझल्यावर मी तिच्यासमोर जाऊन चूक झाली म्हणाले. दुसरं काय म्हणणार. तिचा आवाज चढला नाही.

"पुस्तकात नाव बदलाले तुमाले टाइम होता मॅडम. तोंडाले नाही भेटला."

कविता म्हणाली, आठ दिवस इथंच राहा, संस्थेत खोली आहे. विशाखानं स्वतःच्या घरी चल म्हणून आग्रह केला. सुभद्राबाई चप्पल घालत होत्या. आज घरी गेली नाही तर लोक म्हनतीन हिच्या मनातच काही होतं, म्हनून पळाली. आजच जाणार, एवढं त्या बोलल्या. मग मीही सोबत येते म्हणाले. माझं परतीचं ठरलेलं होतं आणि खरं सांगायचं तर मला घरी जायचं होतं. पण पाय एसटीकडे वळेनात. कविताही सोबत निघाली. वाटेत तिनं ठाण्यात ओळखीच्या एका हवालदाराला फोन करून ठेवला.

तामसीपर्यंत बस मिळते. तेलंगणात साध्या बसला बायकांना पैसे पडत नाहीत. कंडक्टरनं आधार कार्ड पाहून त्या दोघींना शून्याचं तिकीट दिलं आणि माझा पत्ता महाराष्ट्राचा म्हणून मला पूर्ण आकारलं. तामसीपासून पुढं शेअर ऑटो, भरेपर्यंत सुटत नाही. त्यात दहाजण कोंबलेले. दोन्हीकडे फुटलेला कापूस, मधे वाळलेली सोयाबीनची कुटारं. रस्त्याकडेला वाघापासून सावध राहा अशी वनखात्याची पाटी होती. तिकडं वाघ नदी ओलांडून येतात, लोक एकेकटे शेतात जात नाहीत.

ऑटोत माझ्या समोर एक बाई भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती शेजारणीला म्हणाली, "सकाळी रेडिओवर ऐकलं का? भानामतीवाली बाई बोलून राह्यली होती. सुभद्रा का काय नाव सांगतलं. कुठली असन बापा?"

कविता मोबाइलमध्ये पाहू लागली. सुभद्राबाई बाहेर शेताकडे पाहत होत्या, त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकलेला होता. शेजारीण म्हणाली, असन तिकडच्या कोन्या गावची. मग बोलणं कांद्याच्या भावावर गेलं. तो रस्ता किती किलोमीटरचा आहे ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. मला फार लांब वाटला.

गावात उतरलो तेव्हा पारावर सात-आठ माणसं होती. आम्ही येताना बोलणं चालू होतं. जवळ आलो तसं थांबलं. कुणी नमस्कार केला नाही, कुणी काही विचारलंही नाही. पाठीवर नजरा घेऊन चालणं म्हणजे काय ते मला त्या पन्नास पावलांत कळलं. सुभद्राबाईंच्या शेजारणीनं आम्हाला पाहिलं, अंगणातली पोर उचलली आणि दार लावून घेतलं.

घर एका खोलीचं, वर टिनाचे पत्रे, भुई सारवलेली. त्यांनी चूल पेटवली. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर तेल घातलेला ठेचा. अशी चव हॉटेलात मिळत नाही एवढं लिहिते. तोंडात घास फिरत होता आणि कान दाराकडे होते. भीतीनं माणूस चवसुद्धा नीट घेऊ शकत नाही. आणि ही बाई अशीच इतकी वर्षं जेवते आहे, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

ऊन कलल्यावर बाहेर पावलं वाजली. गावचे पटेल, आपल्याकडचे पाटील म्हणा, आले होते, सोबत चार माणसं. पटेल सत्तरीचे, पांढरा फेटा, हातात काठी. समजोत्याच्या कागदावर पहिली सही यांचीच, हे मला ठाऊक होतं. कविता उठली, मीही उठले.

पटेलांनी आमच्याकडे पाहिलंच नाही. म्हणाले, "सुभद्रे, भायेर ये."

ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली. खाली उतरली नाही. सोबतचा एकजण मोठ्यानं बोलू लागला: समजोता झालेला असताना रेडिओवर जायचं कारण काय, पुन्हा हा विषय काढणार नाही असा मुचलका लिहून दिलेला विसरली का, पुन्हा केस उकरायची आहे का. कविता मधे बोलली की कुणाचंही नाव घेतलेलं नाही आणि बाईंचं नावही चुकून आलं. मी कसंबसं म्हणाले की चूक माझी आहे. तेव्हा पटेलांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तिच्याकडे वळले.

"नातू आदिलाबादले शिकाले आहे," ते म्हणाले. "त्यानं ऐकलं. फोन करून इचारते, आजोबा, ते लोक पक्कड घेऊन गेलते तवा तुमी कुठं उभे होते? मी काय सांगू त्याले?"

सुभद्राबाईंनी उंबऱ्याची चौकट धरली होती.

"जिथं उभे होते तिथं सांगा पटेल."

मला वाटलं, आता काठी उठणार. मी डोळे मिटले, हे लिहायला लाज वाटते, पण मिटले. उघडले तेव्हा पटेल तसेच उभे होते. मोठ्यानं बोलणारा पुढं सरकला, तर त्यांनी काठी आडवी करून त्याला थांबवलं आणि वळले. बाकीचे मागोमाग गेले. सुभद्राबाई आत येऊन भिंतीला टेकून बसल्या. त्यांच्या घशातून जो आवाज आला तो रडण्यासारखा नव्हता, धावून आलेल्या माणसाला दम लागतो तसा होता.

त्या रात्री कुणी आलं नाही. आम्ही तिघींनी कडी लावून, दाराला जातं टेकवून रात्र काढली.

सोमवारी उजाडताच वेचणीच्या बाया घोळक्यानं दारावरून गेल्या. एरवी त्या हाक मारत नाहीत, पण सुभद्राबाई मागं दहा पावलं ठेवून सोबत जातात. वाघाच्या भागात तेवढीही सोबत लागते. त्या दिवशी त्या पदर खोचून दारात उभ्या राहिल्या. घोळक्यातल्या एकीनं हातानंच नको म्हणून खूण केली. तरी सुभद्राबाई मला म्हणाल्या, तुमी जा मॅडम, तुमी हिथं असल्या तर लोक जास्त पाह्यतात. खरंच होतं ते. कविता दोन दिवस थांबली. मी ऑटो, बस, पुन्हा पूल, पुन्हा पांढरकवडा असं करत संध्याकाळी यवतमाळला पोचले. कपडेसुद्धा न बदलता फोन लावला. कविता म्हणाली, अजून तरी ठीक.

पुढचे नऊ दिवस मी रोज संध्याकाळी कविताला फोन करत होते. सुभद्राबाईंना कामाला कुणी बोलावलं नव्हतं. पीठ कविता पोचवत होती. दहाव्या दिवशी सुभद्राबाईंचा स्वतःहून फोन आला. आभाळ भरून आलं होतं, शेतातला कापूस भिजला असता, म्हणून पटेलांच्या सुनेनं सगळ्यांना बोलावलं, त्यात यांनाही. "कापूस भिजत होता म्हनून बलावलं मॅडम. माह्यावर इस्वास बसला म्हनून नाही," असं त्यांनी मला बजावून सांगितलं. मी खूश झाल्याचं माझ्या आवाजात त्यांना ऐकू आलं असावं.

पटेलांनी नातवाला काय सांगितलं ते त्यांना माहीत नाही. मलाही नाही.

हा प्रवास ब्लॉगवर लिहू की नको, हे मी त्यांना विचारलं. या वेळी विचारलं. शांतपणे ऐकून त्या म्हणाल्या, "नाव लिवा. ते आता सगळ्याइले मालूम झालं. गाव नका लिवू. गावात पोरी हायेत, त्याईचे सोयरे जमाचे हायेत."

ज्या गावानं तिच्या दारात पक्कड आणली त्या गावाच्या पोरींची काळजी ती करत होती.

म्हणून वर कुठंही गावाचं नाव नाही, आणि खाली कुणी विचारलं तर सांगणार नाही. तिकडं जरूर जा, डिसेंबरात जा, पैनगंगेकाठचा कापूस बघा, अंबाडीची भाजी खा. पण ऑटोत बसल्यावर सुभद्रा कुठली असेल, असं शेजाऱ्याला विचारू नका. ती कदाचित तुमच्या समोरच बसलेली असेल.