वरून बघायची रांगोळी

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या त्या वर्षांत आमच्या गिरगावातल्या चाळीत दिवाळीची मोठी रांगोळी म्हणजे महाराष्ट्राचा नकाशा, हे ठरलेलंच होतं. चौकाच्या मधोमध नकाशा, त्यात कुंकवाने भरलेली मुंबई आणि भोवती पणत्या. बाहेर सभा आणि मोर्चे चालले असताना चाळीने तरी मागे का राहावं? माझे वडील चाळ कमिटीचे चिटणीस आणि चळवळीचे कट्टर. माझा हात बरा म्हणून त्या वर्षी चौक माझ्या वाट्याला आला, तेव्हा त्यांनी लगेच एक मोठा नकाशा विकत आणून माझ्यापुढे ठेवला.

मला नकाशा काढायचा नव्हता. मला डोकी काढायची होती.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. कॉलेजला जाण्याआधी मी कठड्याला टेकून चहा प्यायचे आणि खालच्या नळावरची रांग बघायचे. वरून चेहरे दिसत नाहीत. दिसतात ते अंबाडे, भांग आणि टोप्या. तरी कोण कुठे उभं आहे ते मला अचूक कळायचं. रांगोळी सगळे जवळ उभं राहून बघतात, आपण गॅलरीतून बघायची काढावी, असं मनात आलं आणि ते जाईना. पण सांगायचं म्हटलं की मी ते उद्यावर ढकलायचे. वडील रागावले असते तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. ते हसले असते तर मी काय करणार होते?

शेवटी कमिटीच्या बैठकीत, सगळे चहाची वाट बघत बसलेले असताना, मी बोलून टाकलं.

"म्हणजे यंदा मुंबई सोडून द्यायची म्हणतेस?" कोणीतरी विचारलं. सगळे हसले, आणि वडील सगळ्यांत जास्त. माझे कान तापले. पण ज्याला भीत होते ते घडून गेलं होतं आणि मी अजून तिथेच बसले होते, याचं मलाच नवल वाटलं.

"मी आपल्या नळावरची मुंबई काढते," मी म्हटलं. "नाही आवडली तर पुसून नकाशा काढीन."

"काढू द्या हो तिला," तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या. "तो नकाशा आता मला पाठ झालाय."

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी सुरुवात केली. थोडं काढायचं, जिना चढून वरून बघायचं, पुन्हा खाली. केसांना कोळशाची पूड, फुलांच्या वेण्यांना केशरी गुलाल. संध्याकाळी चाळ चौकात जमली आणि खाली बघत राहिली.

"पापड वाळत घातलेत का गं?" एका मावशींनी विचारलं. वडील नकाशाची गुंडाळी काखेत घेऊन उभे होते. मला रडू येईल असं वाटत होतं.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून हाक आली, "अहो मावशी, वर या, तुमची अबोलीची वेणी बघा." मावशी जिन्याकडे धावल्या. मग सगळेच. चौकात मी एकटी उरले आणि गॅलऱ्या भरून गेल्या. ही तिरकी टोपी कोणाची, तो विस्कटलेला अंबाडा कोणाचा, नुसता गलका. गंमत म्हणजे प्रत्येकाला दुसरा सापडत होता, स्वतःचा पत्ता नव्हता. आपला माथा कोणी पाहिलेला असतो?

मी वर गेले तर वडील कठड्याशी उभे. त्यांचं बाकी सगळ्यांना ओळखून झालं होतं.

"आणि मी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

आजूबाजूचे एकमेकांकडे बघू लागले. बाबा कुठे आहेत ते त्या सगळ्यांना दिसलं होतं. बैठकीत बोलणं सोपं होतं, असं मला त्या क्षणी वाटलं.

"ते बघा, बादली घेऊन वळलेले," मी बोट दाखवलं. "केसांच्या मध्ये गोल रिकामी जागा आहे ना, ते तुम्ही."

ते कठड्यावरून आणखी वाकले. हात हळूच डोक्याच्या मागच्या बाजूला गेला.

"एवढं?"

"याहून थोडं जास्त आहे, बाबा. मी कमी करून काढलंय."

गॅलरी हसली. तेही हसले, आणि या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही.

"कमी कशाला केलंस?" ते म्हणाले. "खाली जा आणि आहे तेवढं काढ."