हिरवी टिक आणि अण्णांचा पलंग

माझ्या वडिलांचा पलंग मी त्यांना न विचारता विकला, आणि वर घेणाऱ्यालाच साडेबावीस हजार रुपये दिले.

पलंग साधा नव्हता. भूकंपानंतर अण्णांनी तो लातूरच्या एका वेल्डरकडून लोखंडी अँगल घालून बनवून घेतला होता. उंची एवढी, की हादरा बसला तर अख्खं कुटुंब खाली शिरावं. (आम्ही शिरायचो. अण्णा सराव घ्यायचे. पाहुण्यांनाही सूट नव्हती.) तेव्हापासून अण्णा स्लॅबखाली झोपत नाहीत. अंगणात पलंग, पलंगावर अण्णा.

पुढे लातुरात क्लासेसचं पीक आलं. आम्हीही वर खोल्या काढल्या आणि मेडिकलची तयारी करणाऱ्या मुली भाडेकरू म्हणून ठेवल्या. त्यांच्या स्कूट्यांना जागा पुरेना. अण्णा डोळ्याच्या ऑपरेशनला नांदेडला बहिणीकडे गेले होते. मी संधी साधली, फोटो काढला आणि ऑनलाइन जाहिरात टाकली: ‘भूकंपकाळातील दणकट पलंग, फक्त अडीच हजार.’

रविवारी सकाळीच एक गृहस्थ टेम्पो घेऊन हजर. आता आमच्या घराचा एक नियम आहे. वर टेस्ट असली की खाली मिक्सर बंद, टीव्ही बंद, मोबाइल मुके. त्या दिवशी टेस्ट होती. मी ओठांवर बोट ठेवलं.

गृहस्थ लगेच कुजबुजले, “समजलं काका. आमची पोरगी बी तयारीच करून राहिली. तिच्यासाठीच नेऊन राहिलो पलंग.”

झालं. लातुरात एवढं वाक्य म्हणणाऱ्याला आम्ही आधार कार्ड विचारत नाही. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, चहा-चिवडा आणला. गृहस्थांनी मोबाइलवर बोट फिरवलं आणि कपाळाला हात लावला.

“काका, घात झाला. एक शून्य जास्त पडलं.”

स्क्रीनवर हिरवी टिक. पंचवीस हजार. मी हादरलो. माझा मोबाइल खिशात गप्प होता, पण तो गप्प असणं हा तर घरचाच नियम!

“पोरीची फी हाय ती,” ते घोगऱ्या आवाजात कुजबुजले.

“अहो, रडू नका,” मी कुजबुजलो. “वरचे आत्ता परत करतो.”

आणि केले. प्रामाणिकपणाचं तेज माझ्या चेहऱ्यावर पसरलेलं मला स्वतःला जाणवत होतं. त्याच तेजात मी पलंग टेम्पोत चढवायला हात लावला, आणि बांधायला घरची दोरी दिली.

दुपारी सुनंदानं माझा मोबाइल पाहिला.

“अहो, साडेबावीस गेलेत. पंचवीस आलेत कुठं?”

“येतील. सर्व्हर डाऊन असेल.”

“मग जाणाऱ्याला चालू अन् येणाऱ्याला बंद, असा कसा हो सर्व्हर?”

मी फोन लावला. “काका, बँकेचा प्रॉब्लेम हाय, दोन दिवस थांबा,” ते म्हणाले. दोन दिवस थांबलो. मग नंबरच बंद झाला.

चौकीतल्या हवालदारांनी सगळं शांतपणे ऐकलं.

“काका, पलंग विकला का दान केला?”

“दानच झालं म्हणायचं.”

“अन् वर दक्षिणा साडेबावीस हजार. बरं, चहा तरी त्यानं पाजला का?”

“न्हाई. आम्हीच पाजला.”

त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्याच आठवड्यात अण्णा आले. डोळ्याला काळा चष्मा, पण अंगणात चार पायांचे गंजके डाग त्यांना लगेच दिसले. मी सगळं सांगितलं. मी नवा दिवाण दाखवला, हॉलमधला. त्यांनी मान वर करून स्लॅबकडे पाहिलं, वळकटी उचलली आणि त्या चार डागांच्या मधोमध, फरशीवर अंथरली. ऐंशीकडे झुकलेला माणूस. रोज सकाळी त्यांना उठवायला दोघं लागू लागले. मला जेवण जाईना.

मग एके दिवशी सुनंदा ओरडली. (टेस्ट असूनही!) तिच्या मोबाइलवर आमचाच पलंग विकायला होता. फोटो माझा, मागे वाळत घातलेली साडी तिची, मजकूरही माझाच. फक्त किंमत चार हजार. पत्ता औशाचा.

आम्ही अण्णांना घेऊन औसा गाठलं. जुन्या फर्निचरचं दुकान होतं. दुकानदार बिचारा सरळ निघाला, त्यानं पलंग रोख पैसे मोजून घेतला होता; फोटो अन् मजकूरही विकणाऱ्यानंच दिला होता. पलंगाला अजून माझीच दोरी बांधलेली होती.

“ऑनलाइन देता का रोख?” त्यानं विचारलं.

मी खिशातून मोबाइल काढला. अण्णांनी तो माझ्या हातातून घेऊन सुनंदाकडे दिला आणि बंडीच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या.

“लई मजबूत माल हाय बघा,” दुकानदार पलंगावर थाप मारत म्हणाला. “भूकंपातला. वरून काहीबी पडू द्या, खाली शिरलं की माणूस वाचतंय.”

“हाव, ठाऊक हाय,” अण्णा म्हणाले आणि काळ्या चष्म्यातून माझ्याकडे वळले. “वरून पडणाऱ्यापासून वाचवतो. घरात जन्मलेल्यापासून न्हाई.”