कूलर बंद करून

चार विषयांची माणसं एका खोलीत बसवली की संशोधन किती होतं देव जाणे, किस्से मात्र ढीगभर जमतात. नागपुरातल्या आमच्या केंद्रात मी इंजिनिअर. डोक्यावर तारांची टोपी घातली की मेंदूतली हालचाल रेघेनं पडद्यावर दाखवणारं मशीन माझं. घाटे मॅडम मेंदूच्या अभ्यासक, काटोलचे ढोके सर तत्त्वज्ञानाचे आणि फादर अँथनी ईश्वरशास्त्राचे. मशीन एक, खोली एक आणि कूलरही एकच. भांडायला एवढं पुरतं.

*

पहिल्याच मे महिन्यात फादर टोपी घालून प्रार्थनेला बसले. डोळे मिटून थोडा वेळ गेला आणि रेघ अशी उसळली की मॅडम खुर्चीतून उठल्या. लेखाचं नावसुद्धा आम्ही तिथेच ठरवून टाकलं!

ढोके सरांनी जाऊन कूलर बंद केला. रेघ झोपली. चालू केला, रेघ उठली. मोटरची वीज माझ्या तारांत शिरत होती.

"देव हाये का नाही, मले माहीत नाही," सर म्हणाले. "पण कूलर हाये."

तेव्हापासून टोपी चढली की कूलर बंद. नागपूरच्या उन्हाळ्यात हा नियम पाळणाऱ्याला खरं तर डॉक्टरेट द्यायला हवी.

*

फादरांनी उट्टं काढलं. ढोके सर टोपी घालून 'मी म्हणजे कोण' यावर चिंतन करत होते. रेघ थुईथुई नाचत होती. इतका जागा मेंदू आपण पाहिलाच नाही, असं मॅडम म्हणाल्या. फादरांनी सरांना तोंड उघडायला लावलं. गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा! जबडा हलला की रेघही हलते.

"हे चिंतन नाही," फादर म्हणाले, "सुपारी आहे."

दुसरा नियम झाला. आधी तोंड दाखवायचं.

*

यातूनच आमची 'तोड' सुरू झाली. काटोलला संत्र्याची तोड, तशी आमच्याकडे दर बुधवारी निष्कर्षांची. एकानं मांडायचं, तिघांनी तोडायचं. तिघे हरले तरच 'सिद्ध' म्हणायचं.

बेशुद्ध पेशंटला घरच्यांचा आवाज कळतो, यावर मॅडमनी खूप खपून लेख लिहिला होता. ढोके सरांनी एवढंच विचारलं, "दार आपटलं तरी रेघ उठतेच ना जी? मंग यानं आवाज ओळखला, हे कशावरून?"

मॅडमनी लेख मागे घेतला. पुढे कितीतरी दिवस त्या सरांबरोबर चहाला आल्या नाहीत. मला सरांचा रागच आला होता, पण सर चूक नव्हते. तोच खरा त्रास होता.

*

आणि मग मॅडमच्या वडिलांना, अण्णांना, पक्षाघाताचा झटका आला. हलणं नाही, बोलणं नाही. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. पुण्याहून मॅडमचा भाऊ आला. यांना काही कळतच नाही, तर घरी काय आणि रुग्ण सांभाळणाऱ्या संस्थेत काय, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी न्यायला गाडी येणार होती.

मॅडमनी आम्हाला मशीन घेऊन प्रताप नगरच्या घरी बोलावलं. अण्णांना कळत नसेल तर मी अडवणार नाही, असा शब्द त्यांनी भावाला दिला होता.

टोपी चढवली. अण्णांचं तोंड फादरांनी तपासलं. कूलर बंद केला. होळी झाली की त्या कूलरला नवा वाळा अण्णाच बसवायचे. खोली भट्टीसारखी तापली.

मॅडम बोलू लागल्या. हाक मारली, आईचं नाव घेतलं, लहानपणीचं गाणं म्हटलं. रेघ तशीच राहिली. भाऊही बोलला, शेवटी त्याचा आवाज फाटला. रेघ तशीच. मला पडद्याकडे बघवेना.

मॅडम डोळे पुसून म्हणाल्या, "सर, आता तोडायला काही उरलं नाही."

 घामानं निथळत ढोके सर पलंगाशी गेले आणि वाकून हळू आवाजात म्हणाले, "काका, आमचं झालं. लय गरम होऊन राह्यलं तुमाले. कूलर लावून देऊ का?"

रेघ उठली.

मी बटणाकडे पाहिलं. कूलर बंद होता.